कूलर मास्टर एनआर२००पी: काच खोक्यातच राहू द्या

मिनी-आयटीएक्स (लहान चौकोनी मदरबोर्डच्या) कॅबिनेटांमध्ये एनआर२००पीचा १८.२५ लिटर हा आकडा तसा मोठाच. दहा लिटरच्या आतली कॅबिनेटंही मिळतात. तरी घरी पहिल्यांदा छोटा पीसी बांधणाऱ्याने २०२० साली आलेलं हे एनआर२००पीच घ्यावं, ते या जादा लिटरांसाठी. बाजूचे पत्रे, वरचं आणि पुढचं झाकण काढलं की नुसता सांगाडा उरतो आणि हात सगळीकडे पोचतो.

सोबत काचेचं पॅनल आणि ग्राफिक्स कार्ड उभं बसवायला रायझर केबल (कार्ड बोर्डाला जोडणारी केबल) येते. फोटोत हे फार देखणं दिसतं, पण उभ्या कार्डाचे पंखे काचेच्या अगदी जवळ येतात आणि त्यांना ओढायला हवाच उरत नाही. शिवाय कार्डामुळे प्रोसेसरचा कूलर बुटकाच घ्यावा लागतो. रायझर पीसीआयई ३.०ची, म्हणजे कार्ड-बोर्ड जोडणीच्या जुन्या, कमी वेगाच्या पिढीची आहे. नवं कार्ड आणि नवा बोर्ड आपसात ४.०वर जुळवून घेतात, केबलला तो वेग झेपत नाही, मग स्क्रीन काळी पडते किंवा मशीन मधेच बंद पडतं. उभंच बसवायचं असेल तर आधी कार्डाशिवाय, बोर्डाच्या एचडीएमआयवर मशीन चालू करा, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) कार्डाचा स्लॉट जेन-३ (म्हणजे ३.०) करा आणि मगच कार्ड लावा. काचेऐवजी जाळीचा पत्रा लावून कार्ड आडवं ठेवलं तर यातलं काहीच करावं लागत नाही.

खरेदीआधी मापं मिलिमीटरमध्ये लिहून काढा. कूलरला जाळीच्या पत्र्यासह १५५ मिमी उंची मिळते. नॉक्टुआचा एनएच-यू१२एस १५८ मिमीचा आहे, म्हणजे तीन मिमीसाठी पत्रा बसणार नाही. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई बरोबर १५५चा. तो बसतो, पण त्याचा पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो. रॅम उंच असली की पंखा वर सरकतो आणि तेच दोन-चार मिमी पुन्हा आडवे येतात. म्हणून ३५ मिमीपर्यंतचीच, बिनदिव्यांची रॅम घ्या.

ग्राफिक्स कार्डाची लांबी (इथे ३३० मिमीपर्यंत) सगळे मोजतात, उंची (बोर्डाकडून बाजूच्या पत्र्याकडे जाणारं माप) विसरतात. उंचीची मर्यादा १५६ मिमी आहे, आणि कार्डाच्या कडेला लागणारी पॉवर केबलही त्यातच मावायला हवी. नव्या १६ पिनांच्या प्लगपासून साधारण ३५ मिमीपर्यंत केबल वाकवायची नसते. कार्ड १२५ मिमी उंच असेल तर उरतात ३१. पत्रा दाबून लावला की केबल प्लगपाशीच वाकते, पिना नीट टेकत नाहीत, तिथे उष्णता साठते आणि प्लग वितळू शकतो. आरटीएक्स ४०७० घेत असाल तर एकाच ८ पिनांच्या प्लगवर चालणारं मॉडेल शोधा. कार्डाची गरज २०० वॅट. प्लगमधून १५० आणि स्लॉटमधून ७५, असं गणित आरामात बसतं.

एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) एसएफएक्स या लहान मापाचाच घ्या. एसएफएक्स-एल बसतो, पण तो १०० ऐवजी १३० मिमी खोल असतो आणि हेच ३० मिमी केबली वळवायला लागतात. रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि ४०७० कार्डाला ६५० वॅट पुरतात.

जोडणीत क्रम चुकला की अर्धं काम उलटं करावं लागतं. प्रोसेसर, रॅम, एम.२ एसएसडी आणि कूलरची मागची पट्टी बोर्ड बाहेर असतानाच बसवा. एसएमपीएसच्या केबली तो कॅबिनेटमध्ये कसण्याआधी त्याला लावा. प्रोसेसरची ८ पिनांची केबल कूलरच्या आधी. नंतर तिथे बोट जात नाही. कार्ड सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ रॅमची जुळणी होईपर्यंत काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. घाबरून बटण दाबू नका.

हवा खालून आत आणि वरून बाहेर, हीच या कॅबिनेटची खरी ताकद. सोबत वरचा १२० आणि मागचा ९२ मिमीचा पंखा येतो. खालचे दोन १२०चे आपण घ्यायचे. कार्ड दोन स्लॉटचं असेल तर २५ मिमी जाडीचे, त्याहून जाड असेल तर १५ मिमीचे. ज्या बाजूला पात्यांमागे आडव्या काड्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, म्हणून खालच्या पंख्यांच्या काड्या कार्डाकडे हव्यात. पंख्यांचा वेग मे महिन्यात ठरवा. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात खोलीच तापलेली असते, तिथे डिसेंबरचं सेटिंग कमी पडतं.

या कॅबिनेटमध्ये सगळ्यात उपयोगी बदल पायांचा. मूळ पाय बुटके असल्याने खालच्या पंख्यांना हवा कोंडून मिळते. थ्रीडी प्रिंटरवर काढलेले १०-१५ मिमी उंच पाय लावता येतात, पण आधी पायांखाली सारख्या जाडीचे चार खोडरबर ठेवा, एकच गेम अर्धा तास चालवा आणि कार्डाचं तापमान आधीच्याशी ताडून पाहा. फरक दिसला नाही तर पाय आहेत तेच असू द्या.