मदुराईचा नायक महाल : ट्रिपचे फोटो आधी पाहावेत की लायनचे?

मदुराईचा तिरुमलै नायक महाल १६३६ चा. सुमारे ४० फुटी खांब, त्यांवर महिरपी कमानी, वर चुनेगच्चीतले व्याल (सिंहासारखे काल्पनिक प्राणी) आणि वेलबुट्ट्या. हे काम जुन्या फोटोंवरून अभ्यासायचं, तर आधी दोन संच हाताशी घ्यावेत. पहिला मद्रास सरकारचे फोटोग्राफर लिनिअस ट्रिप यांचा, १८५८ चा. दुसरा निवृत्त कॅप्टन एडमंड लायन यांचा, साधारण दहा वर्षांनंतरचा.

खरा फरक निगेटिव्हचा आहे. ट्रिप मेण लावलेल्या कागदावर काम करत. असा कागद आधी तयार करून ठेवता येई आणि फोटो घेतल्यावर सावकाश धुता येई. बैलगाडीच्या प्रवासात आणि तिथल्या उन्हाळ्यात ही मोठीच सोय. पण कागद तो कागदच. मेणामुळे तंतू बरेचसे दबले, तरी बारीक पाकळ्यांच्या कडा किंचित मऊ येतात. प्रकाशही जास्त वेळ द्यावा लागे.

लायन यांची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियन (एक चिकट रासायनिक द्रव) ओतायचं, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच जवळच्या अंधाऱ्या तंबूत धुवायची. काच सुकली की सगळी मेहनत वाया. एवढ्या धावपळीचं फळ मात्र चोख : कडा रेखीव, कमानीची एकेक पाकळी सुटी दिसते. रेखाटन करायचं असेल, गिलाव्यात नमुना पुन्हा उठवायचा असेल, तर लायनच घ्या.

तरीही एकच संच निवडायचा झाला तर मी ट्रिप यांचा निवडेन. लॉर्ड नेपिअर १८६६ मध्ये मद्रासचे गव्हर्नर झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत महालाची मोठी दुरुस्ती झाली. ट्रिप यांचे फोटो नक्की त्याआधीचे आहेत. आज जे दिसतं त्यातलं जुनं किती आणि दुरुस्तीत आलेलं किती, हे ताडून पाहायला असा पुरावा हवाच. शिवाय त्यांची निगेटिव्ह मोठी, साधारण १२ बाय १५ इंचांची, आणि प्रिंट त्याच मापाची. मोठी करताना जाणारा तपशील इथे जातच नाही. कोन निवडण्यातही त्यांची नजर वास्तू समजून घेणाऱ्याची आहे. खांबांची रांग ते अशी धरतात की अंगणाची खोली थेट जाणवते.

एक सावधगिरी : ट्रिप निगेटिव्हवर रंग लावून ढग आणि झाडांची पानं सुधारत. त्यामुळे त्यांच्या आकाशावर आणि झाडीवर विसंबू नका. लायन यांच्याबाबत एक सोय जास्त आहे. त्यांच्या फोटोंसोबतची टिपणं वास्तु-इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी संपादित केली होती, त्यामुळे आपण नेमकं काय पाहतोय हे कळायला मदत होते.

रंगांसाठी मात्र दोघांपैकी कुणीच उपयोगाचं नाही. त्या काळची रसायनं निळ्या प्रकाशालाच जास्त प्रतिसाद देत. म्हणून आकाश पांढरंफटक येई, तर लाल-पिवळा रंग डोळ्यांना दिसतो त्याहून बराच काळा. छतावर गडद पट्टा दिसला की ती खोल कोरणी समजू नका. नुसता तांबडा रंगही असू शकतो. कोरणीची खोली पाहायची तर सावलीची कड पाहा, आणि तीच जागा आजच्या फोटोत शोधून शेजारी ठेवा.