आधी चांदणी चौक बघा: गाडीत बसून आलेल्या नेव्हिगेशन-म्युझिक सिस्टीमचं परीक्षण

कंपनीने बसवून दिलेलं नेव्हिगेशन बऱ्याच घरांत पाहुण्यांच्या कपबशीसारखं असतं. पैसे मोजून आणलेलं, जपून ठेवलेलं, आणि रोजच्या चहाला मात्र फोनच. यात दोष थोडा सिस्टीमचा आणि बराचसा सेटिंगचा असतो. हे परीक्षण एका कोणत्या कंपनीचं नाही. सात ते दहा इंची स्क्रीन, नकाशा मेमरी कार्डवर किंवा सिस्टीमच्या पोटात, रेडिओ, यूएसबी, ब्लूटूथ आणि फोन जोडायची सोय, अशी जी जात पुण्यात सर्रास दिसते, तिचं आहे.

वापरलेली गाडी घेत असाल किंवा स्वतःचीच तपासायची असेल, तर पहिली कसोटी पत्ता टाकून बघायची नाही. नकाशा बोटाने सरकवत पुण्याच्या चांदणी चौकावर न्या आणि जवळ आणा. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री पाडला आणि नवा बहुमजली चौक १२ ऑगस्ट २०२३ ला खुला झाला. स्क्रीनवर अजून जुना एकच पूल दिसत असेल, तर नकाशा त्याच्या आधीचा आहे. असा नकाशा बावधनहून कोथरूडला येताना नसलेल्या वळणावर वळायला सांगतो आणि गाडी साताऱ्याच्या दिशेने हायवेला लागली की ‘मार्ग पुन्हा मोजत आहे’ म्हणत बसतो. दुसरी खूण मेट्रोची. वनाज ते गरवारे कॉलेज मार्ग ६ मार्च २०२२ ला सुरू झाला. सर्चमध्ये वनाज स्टेशन सापडलं नाही, तर नकाशा त्याहूनही म्हातारा असण्याची दाट शक्यता.

नकाशा नवा करायचं काम अवघड नाही, पण घाईचं नाही. कार्ड काढताना आधी इंजिन बंद करा. चालू सिस्टीममधून ओढलेलं कार्ड बिघडू शकतं. फाइल कॉम्प्युटरवर उतरवून कार्डावर घ्यायची. ‘लिहिता येत नाही’ असं आलं तर कार्डाच्या कडेची बारीक पट्टी ‘लॉक’वर सरकलेली नाही ना, ते बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मित्राच्या गाडीतलं नवं कार्ड उचलून आपल्या गाडीत घालायचा पुणेरी काटकसरीचा मार्ग मात्र सहसा बंद असतो, कारण कार्ड पहिल्यांदा ज्या गाडीत लागतं तिच्याशीच बांधलं जातं. त्याची साधी कॉपी दुसऱ्या कार्डावर केली तरी चालत नाही; सिस्टीम फायलींबरोबर कार्डाचा स्वतःचा क्रमांकही तपासते. अपडेट चढताना इंजिन चालू ठेवा, गाडी उघड्यावर उभी करा, आणि मध्ये बंद करू नका. नुसत्या बॅटरीवर अर्धा-पाऊण तास स्क्रीन चालवली तर व्होल्टेज खाली येतं, अपडेट अर्ध्यावर अडकतं आणि मग सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या.

पत्ता टाकण्याचा भाग या सिस्टीमची सर्वांत दुबळी बाजू. वाकड सापडत नाही म्हणून लोक वैतागतात, पण वर शहराच्या रकान्यात ‘पुणे’ निवडलेलं असतं आणि वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये येतं. हिंजवडी तर मुळशी तालुक्यातलं गाव. शहराचा रकाना मोकळा सोडा किंवा थेट ठिकाणाच्या नावाने शोधा. दुसरा घोळ रोमन स्पेलिंगचा. पौड रोड काही नकाशांत ‘पी-ए-यू-डी’ आहे, काहींत ‘पी-ओ-यू-डी’. सिंहगडमध्ये ‘एच’नंतर ‘ए’ आहे की नाही, हिंजवडीत मधे ‘ए’ की ‘ई’, हे ज्याने नकाशा भरला त्याच्या मर्जीवर. पहिली तीन-चार अक्षरं टाकून थांबा आणि यादीतून निवडा. पूर्ण नाव टाइप करण्याचा हट्ट इथे नडतो.

पेठांमधला पत्ता तर टाकूच नका. सदाशिव पेठेतले घरक्रमांक रस्त्याने ओळीत जात नाहीत, त्यामुळे क्रमांकावरून सिस्टीम पेठेच्या मध्यावर कुठेतरी झेंडा रोवते. शनिपार, भिकारदास मारुती, पत्र्या मारुती अशी खूण शोधा आणि शेवटची शंभर पावलं पुणेकरांना विचारा. सांगतील, अर्थात त्यांच्या पद्धतीने.

अक्षांश-रेखांश टाकायची सोय जवळपास सगळ्यांत असते आणि फार्महाउस, लग्नाचं लॉन, ट्रेकचा पायथा यांसाठी तीच सर्वांत खात्रीची. इथे मात्र एक सापळा आहे. फोनवरून येतो तो आकडा दशांशातला: १८.५२, ७३.८५. गाडीतला रकाना अंश आणि मिनिटांचा असेल आणि तुम्ही १८ अंश ५२ मिनिटं भरलीत, तर ठिकाण सुमारे ३८ किलोमीटर उत्तरेला सरकतं, म्हणजे पुण्याऐवजी राजगुरुनगरच्या आसपास. रेखांशाला ७३ अंश ८५ मिनिटं टाकली की सिस्टीम घेतच नाही, कारण मिनिटं ५९ च्या पुढे नसतात. तो नकार हीच सूचना समजा. दशांशाला ६० ने गुणा: ०.५२ गुणिले ६० म्हणजे ३१.२ मिनिटं, ०.८५ गुणिले ६० म्हणजे ५१. किंवा सेटिंगमध्ये दशांश पद्धत निवडा आणि सुटा. मॅपमायइंडिया या कंपनीचा नकाशा असेल तर त्यांचा सहा अक्षरी पिनही, म्हणजे त्या जागेचा कोड, शोधात टाकून बघा, टायपिंग वाचतं.

मार्ग निवडताना ‘सर्वांत कमी अंतर’ हा पर्याय पुण्यात निवडू नये. तो चारशे मीटर वाचवण्यासाठी गाडी बोळात घालतो, जिथे समोरून टेम्पो आला की दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं. ‘सर्वांत कमी वेळ’ ठेवा. ‘टोल टाळा’ चालू राहिलं असेल तर मुंबईला जाताना सिस्टीम द्रुतगती मार्गाचं नावच काढत नाही. बऱ्याच वेळा आधीच्या मालकाने ते चालू केलेलं असतं. आणि गणपतीत नेव्हिगेशन बंद ठेवा. विसर्जनाला लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर रस्ते गाड्यांना बंद होतात, हे कार्डावरच्या नकाशाला कळायचा मार्ग नाही.

मग ही सिस्टीम चांगली कुठे? बोगद्यात. डॅशबोर्डावर नुसता फोन लावला की कात्रजच्या नव्या बोगद्यात उपग्रहांचा सिग्नल तुटतो आणि बाण अंदाजाने सरकतो. गाडीची सिस्टीम चाकांच्या वेगाचा सेन्सर आणि वळण मोजणारा जायरो वापरते, त्यामुळे आत लेन बदलली, वेग कमी झाला तरी बाण जागेवर राहतो. द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात हा फरक स्पष्ट दिसतो. बोगद्यातून बाहेर पडता-पडता फाटा असेल तर फोन अजून आकाश शोधत असतो आणि गाडी वेळेत सांगून मोकळी झालेली असते. घाटात मोबाइलची रेंज गेली तरी कार्डावरचा नकाशा पूर्ण चालतो. वेगळ्या मापाचे टायर टाकले असतील तर मात्र चाकाचा हिशेब चुकतो आणि बाण रस्त्याच्या पुढे-मागे पळतो. मेन्यूत सेन्सरचं कॅलिब्रेशन, म्हणजे शिकून ठेवलेलं माप, पुसायची सोय असेल तर ते पुसून मोकळ्या रस्त्यावर काही किलोमीटर चालवलं की बसतं.

बाणेर-बालेवाडीच्या सोसायट्यांत दोन-तीन मजले खाली पार्किंग असतं, तिथे उलटा प्रकार होतो. काही ठिकाणी गाडी फिरत्या चकतीवर वळवून लावतात. इग्निशन बंद असल्याने ते वळण सिस्टीमला कळत नाही. बाहेर आल्यावर ती गाडीचं तोंड भलतीकडे समजते आणि पहिलं वळण चुकीचं सांगते. गेटबाहेर उघड्या आकाशाखाली अर्धा-एक मिनिट द्या. एका उपग्रहाची कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी येते, त्याआधी घाई करून उपयोग नाही. पुढच्या काचेला उन्हासाठी धातूचा थर असलेली फिल्म लावली असेल तर हा वेळ आणखी वाढतो.

‘रस्ता सांगणारी बाई बोलतच नाही’ ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. तिचा आवाज गाण्याच्या आवाजापासून वेगळा असतो आणि बहुतेक सिस्टीममध्ये ती बोलत असतानाच गोल बटण फिरवलं तर तिचा आवाज बदलतो. गाण्याच्या मध्येच ती बोलली, तुम्ही वैतागून बटण डावीकडे फिरवलंत, गाणं तेवढंच राहिलं आणि बाई कायमची गप्प झाली. उपाय तोच: मार्ग चालू असताना स्क्रीनवरचं ‘पुन्हा ऐका’चं चिन्ह दाबा आणि लगेच, तिचं वाक्य संपायच्या आत, बटण उजवीकडे फिरवा. ताशी ८० ओलांडल्यावर होणारा टिकटिक आवाज मात्र या सिस्टीममध्ये शोधू नका. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांत तो नियमानेच आहे, मीटरमधून येतो, १२० च्या वर सलग वाजतो आणि बंद होत नाही.

आता गाणी. सिस्टीम पेनड्राइव्ह ‘वाचता येत नाही’ म्हणते तेव्हा तो बहुधा एनटीएफएस या कॉम्प्युटरच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. ३२ जीबीपर्यंतचा घ्या आणि कॉम्प्युटरवर फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट करा. मराठी गाण्यांच्या नावांच्या जागी चौकोन दिसत असतील तर फाइल बिघडलेली नाही, सिस्टीममध्ये देवनागरी फॉन्ट नाही. नावं रोमनमध्ये केल्याशिवाय ते जात नाहीत. फोन वायरने जोडायचा असेल तर आधी पोर्ट ओळखा: दोन-तीन पोर्टांपैकी बहुधा एकच डेटाचा असतो, बाकीचे नुसत्या चार्जिंगचे. वायर एक मीटरच्या आतली, डेटा जाणारी हवी. सिग्नलला थांबल्यावर नीट आणि खड्ड्यात गेल्यावर तुटतं, म्हणजे वायरचं टोक सैल झालंय. आधी फोनच्या भोकातला कापसासारखा कचरा लाकडी टूथपिकने काढा.

ब्लूटूथवर आवाज पोकळ येत असेल तर फोनचा आवाज जवळपास पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त गाडीच्या बटणाने करा. उलटं केलं की गाडी क्षीण सिग्नल मोठा करते आणि त्याबरोबर खरखरही. घरातले दोन फोन जोडलेले असतील तर कोणता आधी, ते यादीत ठरवून टाका. नाहीतर गाडी पार्किंगमध्ये सुरू होते आणि पहिल्या मजल्यावर चाललेला कॉल खाली गाडीत वाजायला लागतो. जोडणी बिघडली तर नाव दोन्हीकडून पुसायचं, गाडीतूनही आणि फोनमधूनही. एकाच बाजूने पुसलं तर जुनी ओळख शिल्लक राहते आणि जोडणी अडते.

इक्वलायझरमध्ये, म्हणजे जाड-बारीक सूर कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये, ‘रॉक’ वगैरे तयार पर्याय आपल्या गाण्यांचे शत्रू आहेत. ते मधले सूर दाबतात, आणि माणसाचा आवाज नेमका तिथेच असतो. भीमसेन जोशींचा अभंग लावला की पखवाज दारात घुमतो आणि गाणारा मागच्या सीटवर गेल्यासारखा वाटतो. बेस अधिक दोन, मध्य शून्य, ट्रेबल अधिक एक, आणि फेडर (आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरांत वाटणारं सेटिंग) एक-दोन घर पुढे, एवढ्यावर कंपनीचे स्पीकर बरे वाजतात. बेस टोकाला नेला की दारातला कागदी कोन फाटल्यासारखा वाजतो. लोक स्पीकर बदलायला नाना पेठेत धावतात, तेव्हा आधी एवढं करून बघा. तरी बदलायचाच असेल तर वायर कापू न देता कपलरवरच, म्हणजे कंपनीच्या जोड-प्लगवरच, बसवून घ्या, नाहीतर वॉरंटीचा वाद कायमचा.

रेडिओचं एक कोडं आयात केलेल्या किंवा बाहेरून बसवलेल्या सिस्टीममध्ये हमखास दिसतं. ९१.१, ९३.५, ९८.३ खणखणीत लागतात. विविध भारती १०१ वर खरखर आणि विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर सापडतच नाही. अँटेना बदलू नका. सिस्टीम अमेरिकेच्या प्रांतावर सेट आहे. तिथे स्टेशनं ०.२ च्या टप्प्याने, दशांशचिन्हापुढे विषम अंक असलेल्या आकड्यांवरच असतात, म्हणून ती १००.९ वरून थेट १०१.१ वर उडी मारते. एएमवर तिथे टप्पा १० चा, आपल्याकडे ९ चा, त्यामुळे पुणे आकाशवाणीचं ७९२ सुद्धा ७९० वर अर्धवट ऐकू येतं. प्रांत आशिया किंवा भारत करा, स्टेशनं नव्याने शोधू द्या.

स्क्रीन गोठली तर चालू-बंदचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा. बऱ्याच गाड्यांत सिस्टीम नव्याने सुरू होते आणि साठवलेलं काही जात नाही. ‘फॅक्टरी रीसेट’ ही वेगळी गोष्ट आहे, त्यात घराचा पत्ता, फोन, रेडिओ सगळं पुसलं जातं. बॅटरी बदलायच्या आधी रेडिओला कोड लागतो का ते बघा; लागत असेल तर तो बहुधा गाडीच्या कागदपत्रांत लिहिलेला असतो.

फक्त नेव्हिगेशनसाठी वरच्या मॉडेलला जास्त पैसे देऊ नयेत. मोठी स्क्रीन, चांगले स्पीकर आणि मागचा कॅमेरा सोबत येत असतील तर गोष्ट वेगळी. पेठांत आणि ऑफिसच्या गर्दीत फोनचाच नकाशा लावा, त्याला कोंडी कळते आणि तो मराठीत बोलतो. घाट, बोगदा, रेंज नसलेला पट्टा आला की गाडीच्या नकाशावर या. आणि गाडी विकताना तो फॅक्टरी रीसेट स्वतःच्या हाताने करा. कार्ड मात्र आतच राहू द्या, दुसऱ्या गाडीत ते कुणाच्याच कामाचं नसतं.