फायरवॉल आणि नॅट: आयपीसेक की वायरगार्ड?

दोन नेटवर्कांमध्ये सुरक्षित बोगदा (व्हीपीएन) बांधायचे आयपीसेक आणि वायरगार्ड हे दोन मार्ग. आयपीसेकसाठी फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट ५०० आणि ४५०० उघडावे लागतात. मध्ये नॅट (पॅकेटांवरचे खासगी पत्ते बदलणारी यंत्रणा) नसेल तर ईएसपी, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला डेटा वाहणारा प्रोटोकॉल क्रमांक ५० सुद्धा. ईएसपीला पोर्टच नसतो, म्हणून नॅटमागे तो ४५०० मध्ये गुंडाळला जातो. खरी गोची लिनक्सवर होते: मास्करेड, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पॅकेटांना राउटरचा पत्ता लावणारा नॅटचा नियम, एन्क्रिप्शनच्या आधी लागतो, स्रोत पत्ता बदलतो आणि पॅकेट बोगद्याच्या पॉलिसीत (कोणत्या पत्त्यांची रहदारी बोगद्यातून जावी या नियमात) बसत नाही. बोगदा जोडलेला दिसतो, पिंग मात्र जात नाही. म्हणून दोन्ही टोकांच्या सबनेटांमधल्या (अंतर्गत नेटवर्कांमधल्या) रहदारीला सूट देणारा नियम मास्करेडच्या वर हवा.

वायरगार्डला एकच यूडीपी पोर्ट, बहुधा ५१८२०. त्याचा इंटरफेस वेगळा असल्याने बाहेरच्या इंटरफेसपुरता लिहिलेला मास्करेड बोगद्यात शिरणाऱ्या पॅकेटांना लागत नाही. नॅटमागच्या टोकाला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह, म्हणजे नॅटमधली वाट उघडी ठेवायला ठरावीक अंतराने जाणारे पॅकेट, २५ सेकंदांवर ठेवा. दोन्ही टोके तुमच्या ताब्यात असतील तर निःसंशय हाच घ्यावा.