जीआरई ‘माफ करून देण्याचे’ साठ हजार

मार्क कमी असलेल्या मुलांची भीती, यावरच काही परदेशी शिक्षण कन्सल्टन्सींचा धंदा चालतो. माझ्या धाकट्या भावाला पुण्यातल्या अशाच एकीने लुबाडलं. ज्यांच्या घरी यंदा परदेशातल्या एमएसचे (पदव्युत्तर पदवीचे) अर्ज भरले जाताहेत त्यांच्यासाठी लिहितेय.

भावाचा सीजीपीए (पदवीचे सरासरी गुण) सहाच्या जरा वर, मॅथ्सला केटी लागलेली, म्हणजे विषय राहिलेला, जीआरई या प्रवेशपरीक्षेला ३४० पैकी २९४. पहिल्याच भेटीत तिथल्या मॅडम म्हणाल्या, ‘या प्रोफाइलवर अमेरिका अवघड आहे. पण आमचं टायअप आहे, जीआरई माफ करून घेऊ.’ त्याचे फीशिवाय वेगळे ६०,००० रुपये. बाबांनी एफडी मोडली. खरं तर कोविडनंतर अमेरिकेतल्या कितीतरी विभागांनी जीआरई ऐच्छिक केली आहे. स्कोअर पाठवायचा नसेल तर पाठवायचा नाही, एवढंच. विभागाच्या संकेतस्थळावर हे कुणालाही फुकट वाचता येतं.

पैशांपेक्षा मोठं नुकसान पुढे झालं. अर्जांसाठी त्यांनी भावाच्या नावाने नवा जीमेल उघडला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. विद्यापीठांचे नकार त्यातच पडून होते. याला मात्र ‘अंडर रिव्ह्यू आहे’ हेच उत्तर. शिफारसपत्राची लिंक विद्यापीठ थेट प्राध्यापकांच्या ईमेलवर पाठवतं. यांनी सरांच्या नावाने खोटे ईमेल काढून पत्रं स्वतःच लिहिली. भाऊ जिथे कधी गेलाही नाही, अशा कंपनीचं अनुभवपत्रही जोडलं. एका विद्यापीठाला शंका आली, त्यांनी कॉलेजकडे विचारणा केली आणि विभागप्रमुखांचा घरी फोन आला. तेव्हा हे सगळं कळलं.

मार्क कमी असणं हा गुन्हा नाही. माझ्या भावाची खरी फाईल साधी होती, पण स्वच्छ होती. ती यांनी खोटी करून टाकली, याची मला सगळ्यात जास्त चीड आहे. अर्जाखाली ‘वरील माहिती खरी आहे’ असं विद्यार्थ्याच्याच नावाने लिहून दिलेलं असतं. हेच कागद व्हिसापर्यंत गेले असते, तर अमेरिकेचं दार त्याला कायमचं बंद होऊ शकलं असतं. २०२३ मध्ये कॅनडात कितीतरी भारतीय मुलांची प्रवेशपत्रं बनावट निघाली. ती दिली होती एजंटाने, हद्दपारीची टांगती तलवार आली मुलांवर.

पैसे परत मागितले तर करारातलं ‘फी परत मिळणार नाही’ हे कलम पुढे केलं. आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो आहोत. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९१५ या हेल्पलाइनवर माहिती मिळते. भाऊ आता स्वतः अर्ज भरतोय. केटी का लागली ते एसओपीमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या निवेदनात, सरळ लिहिलंय, आणि प्रोजेक्टच्या सरांनी स्वतः पत्र द्यायचं कबूल केलंय.

तुमची फाईल कुणाकडे दिलेली असेल तर आजच प्रत्येक अर्जाचं लॉगिन मागा. शिफारस देणाऱ्यांच्या रकान्यात कोणते ईमेल टाकलेत ते स्वतः बघा, आणि त्या सरांना फोन करून खात्री करा.