होकुरिकु आर्च पास : टोकियो ते क्योटो, कानाझावामार्गे

टोकियोहून थेट क्योटोला न जाता जपानी समुद्राच्या बाजूने वळसा घेऊन जाणाऱ्या परदेशी पर्यटकांसाठी ‘होकुरिकु आर्च पास’ हा सलग ७ दिवसांचा रेल्वे पास आहे. मार्च २०२४ मध्ये होकुरिकु शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन कानाझावाच्या पुढे त्सुरुगापर्यंत गेली आणि पासची किंमत २४,५०० येनवरून ३०,००० येन झाली. इतके पैसे मोजूनही आठवडाभराच्या सहलीसाठी मी हा पास सुचवेन, कारण तो सहलीला एकच दिशा देतो. टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर उतरावे, टोकियो पाहावे, कानाझावाला मुक्काम करावा, क्योटो पाहून कन्साई विमानतळावरून परतावे. विमानाची तिकिटे तशी काढली की उलट फिरण्यात एकही दिवस वाया जात नाही.

या आखणीचा प्राण कानाझावात आहे. टोकियोच्या गर्दीनंतर अडीच-तीन तासांत माणूस अशा शहरात पोहोचतो, जे दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावातून वाचले आणि जिथे सामुराईंच्या वस्तीतील मातीच्या भिंती, हिगाशी चाया भागातील लाकडी चहागृहे आणि सोन्याचा वर्ख करणाऱ्या कारागिरांची परंपरा अजून टिकून आहे. केन्रोकुएन हे जपानच्या तीन नामांकित उद्यानांपैकी एक असून ते सकाळी लवकर, शांतपणे पाहावे; दुपारी शेजारचा किल्ला आणि एकविसाव्या शतकातील कलेचे संग्रहालय पायीच होते. येथे दोन रात्री राहावेच. एका रात्रीत हे शहर केवळ गाडी बदलण्याचे ठिकाण ठरते, आणि मग थेट क्योटो गाठणेच बरे.

पूर्वी कानाझावा ते क्योटो एकाच गाडीने जाता येत असे, आता त्सुरुगाला गाडी बदलावी लागते. ज्येष्ठांना जड बॅगांसह ते त्रासाचे होते, म्हणून मोठी बॅग टोकियोच्या हॉटेलातूनच ‘ताक्क्युबिन’ सेवेने क्योटोच्या हॉटेलकडे पाठवावी आणि सोबत दोन दिवसांचे कपडे ठेवावेत.

खर्चाचा हिशेब मात्र नीट करावा. टोकियो-कानाझावा आणि कानाझावा-क्योटो या मुख्य दोन टप्प्यांची सुटी तिकिटे मिळून २५,००० येनच्या आतच बसतात. नारिता एक्सप्रेस, टोकियोतील जेआर (जपान रेल्वे) गाड्या, क्योटोजवळच्या नारा शहराची फेरी आणि कन्साई विमानतळाला नेणारी हारुका ही गाडी हे सर्व पासवर केले, तरच किंमत वसूल होते. पुन्हा ७ दिवस सलग मोजले जात असल्याने, टोकियोत तीन आणि कानाझावात दोन रात्री घालवल्यास क्योटोसाठी एकच रात्र उरते, जी फारच अपुरी आहे. अशा वेळी टोकियोची एक रात्र कमी करावी, किंवा क्योटोचा मुक्काम वाढवून हारुकाचे तिकीट वेगळे काढावे. हिरोशिमाही याच आठवड्यात बसवू पाहणाऱ्यांनी हा पास घेऊ नये. तो तेथपर्यंत चालत नाही.