पणजी, पुणे, कोल्हापूर की बेंगळूर? बेळगावच्या नटानं रजा कुठं खर्चावी

आमच्या नाटकाच्या ग्रुपमधल्या एका मुलीनं परवा विचारलं, "अक्का, माझ्याकडं आठ दिवसांची रजा आहे आणि पंधरा हजार रुपये. गोव्याच्या इफ्फीला जाऊ की पुण्याच्या पिफला?" हे दोन्ही आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. ती सव्वीस वर्षांची आहे, शहापूरला राहते, एका खासगी कार्यालयात हिशेब बघते. एका छोट्या, स्वतंत्र मराठी चित्रपटात तिनं मोठं काम केलंय. तो चित्रपट अजून कुठल्याच महोत्सवात लागलेला नाही. फोनवर मी तिला काहीतरी उत्तर दिलं, पण ते अपुरं होतं. तिच्यासारखी आणखी पोरं बेळगाव, खानापूर, निपाणीत आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून नीट लिहिते.

मी स्वतः शाळेत शिकवते आणि वीसेक वर्षं आई, मावशी, शेजारीण अशी कामं करत आले आहे. पणजी, पुणे, कोल्हापूर, बेंगळूर या चारही ठिकाणच्या चित्रपट महोत्सवांना जाऊन आले, बहुतेक वेळा स्वतःच्या खर्चानं.

आधी अंतराचं बोलू, कारण आपल्यासाठी तोच पहिला खर्च. कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या आत. चोर्ला घाटातून पणजीही जवळपास तेवढंच, पण रस्ता घाटाचा. पुणे साडेतीनशेच्या आसपास, बेंगळूर पाचशे. पुण्याला २०२४ पासून आठवड्यातून तीन दिवस वंदे भारत आहे, बेंगळूरला ऑगस्ट २०२५ पासून आहे, शिवाय रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहेच. चित्रपट बघून रात्री घरी झोपायला येता येईल असं एकच गाव, कोल्हापूर. निपाणीकरांना तर ते तासाभरावर. बाकी तिन्हीकडं राहण्याचा खर्च धरावाच लागतो, आणि एकट्या बाईला सुरक्षित खोली बघायची म्हटली की तो दीडपट होतो. मुंबईच्या 'मामी' या चित्रपट महोत्सवाचा विचार मी या घडीला करत नाही. राहणं परवडत नाही, आणि २०२५ साली तो महोत्सव झालाच नाही.

आता मुख्य प्रश्न. तुम्ही बघायला चालला आहात की दाखवायला? या दोन गोष्टींची उत्तरं वेगळी आहेत आणि आपली पोरं नेमकी इथं गल्लत करतात. पडद्यावर आपलं काही नसताना ओळखी होतील म्हणून ती सगळ्यात मोठ्या महोत्सवाला जातात, आणि हिरमुसून परत येतात.

इफ्फी १९५२ साली मुंबईत सुरू झाला आणि २००४ पासून गोव्यात भरतो, साधारण २० ते २८ नोव्हेंबर. बघायचं असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. दिवसाला चार-चार चित्रपट बघता येतात. पहिल्या वर्षी गेले तेव्हा माझं वय बेचाळीस होतं. तिथं मी माझ्या वयाच्या, माझ्याहून मोठ्या बायकांना अख्खा चित्रपट पेलताना पाहिलं. कुठल्याशा देशातली एक आजी तीन मिनिटं नुसती बटाटे सोलत होती, आणि तिच्या मुलाचं काहीतरी बिनसलंय हे मला कळलं. आपल्याकडं आईचं काम म्हणजे डोळ्याला पदर लावणं, असं मी तोवर धरून चालले होते. त्या तीन मिनिटांनी माझं काम बदललं. त्यासाठी झालेला खर्च मला कधीच जड वाटला नाही.

दाखवायचं असेल तर मात्र हिशेब वेगळा. तिथल्या 'इंडियन पॅनोरमा' या १९७८ पासूनच्या विभागात सगळ्या भारतीय भाषा मिळून जास्तीत जास्त २५ कथापट घेतात. त्यात मराठीच्या वाट्याला किती येणार आणि त्यातला एक तुमचा असणार का, याचा विचार करा. महोत्सवाला जोडून २००७ पासून फिल्म बाजार भरतो. आता त्याला वेव्हज फिल्म बाजार म्हणतात. त्याची नोंदणी वेगळी, फी वेगळी. तिथं निर्माते, परदेशी महोत्सवांसाठी चित्रपट निवडणारे आणि खरेदीदार येतात. तो दिग्दर्शक-निर्मात्यांचा बाजार आहे. नटानं तिथं स्वतःच्या पैशानं जाऊन उभं राहण्यात फारसा अर्थ नाही, दिग्दर्शक सोबत नेत असेल तर जरूर जा.

गोव्यातला एक दरवाजा मात्र खास नटांसाठीही आहे, आणि आपल्याकडं तो कुणी ठोठावत नाही. 'क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमारो' हा उपक्रम २०२१ मध्ये ७५ तरुणांना घेऊन सुरू झाला. २०२४ मध्ये १०० जण निवडले गेले. वयाची अट पस्तीस. दिग्दर्शन, छायाचित्रण यांच्याबरोबर अभिनयही त्यात आहे, आणि निवडलेली मुलं गट करून ४८ तासांत लघुपट बनवतात. सव्वीस वर्षांच्या मुलीनं तिकीट काढण्याआधी हा अर्ज भरावा.

पुण्याचा पिफ २००२ पासून, डॉ. जब्बार पटेल यांच्या पुढाकारानं. बहुतेक वर्षी तो जानेवारीत असतो, २०२५ मध्ये फेब्रुवारीत झाला. आकार इफ्फीपेक्षा लहान, पण मराठी नटासाठी मी त्याला वरचं पान देते. कारण सरळ आहे. तिथं मराठी चित्रपटांची स्वतंत्र स्पर्धा असते, मोजकेच चित्रपट, अलीकडं सातेक. महाराष्ट्र शासनाचे संत तुकाराम पुरस्कार दिले जातात आणि त्यात अभिनेता-अभिनेत्रीचेही असतात. खेळ संपल्यावर प्रश्नोत्तरं मराठीत होतात, आणि प्रेक्षागृहात बसलेले अर्धे लोक पुढच्या वर्षी चित्रपट करणार असतात. पणजीत तुम्ही गर्दीतले एक असता. पुण्यात तीन दिवसांत तेच चेहरे पुन्हा पुन्हा भेटतात आणि चौथ्या दिवशी चहाला कुणीतरी नाव विचारतंच.

पुण्यात एक गोष्ट मला सलते, तीही सांगते. आपण तोंड उघडलं की लोक म्हणतात, "बेळगावची मराठी किती गोड!" आणि नंतर फोन येतो तो धुणीभांडीवालीच्या कामासाठी. वकीलबाई, डॉक्टरीणबाई बेळगावच्या बोलीत बोलू शकते हे त्यांच्या मनात येत नाही. आपण ते ऐकून बोली पुसून टाकायला लागतो, आणि ती चूक आहे. स्वतंत्र चित्रपटांत आता बहुतेक वेळा चित्रीकरणाच्या वेळचाच आवाज ठेवतात. तुमचा हेल, तुमचं 'काय करालीस गे', सगळं जसंच्या तसं पडद्यावर जातं. जे दुसऱ्याला शिकून येत नाही तेच आपल्याकडं आयतं आहे.

मोठ्या महोत्सवांनी गाजवलेल्या अलीकडच्या चित्रपटांत नट कोण आहेत ते पाहिलं तर हे पटेल. व्हेनिसला गौरवलेल्या 'कोर्ट'मधले वीरा साथीदार हे चळवळीतले कार्यकर्ते. टोरंटोला पुरस्कार मिळालेल्या 'स्थळ'मध्ये विदर्भातल्या खेड्यातली माणसं आहेत. कन्नडमध्ये हेच आणखी ठळक दिसतं. २०१५ मध्ये लोकार्नोला दोन पुरस्कार मिळवणाऱ्या 'तिथी'त मंड्याकडचे गावकरी होते. २०२२ मध्ये बुसानला जिंकलेल्या 'शिवम्मा'ची नायिका कोप्पळ जिल्ह्यातल्या खेड्यातली, तिथल्याच बोलीत बोलणारी.

कोप्पळ म्हणजे आपला उत्तर कर्नाटक. आणि म्हणूनच मी बेंगळूरकडं येते.

बेंगळूरचा महोत्सव २००६ पासून आहे, कर्नाटक चलनचित्र अकादमी तो भरवते. जानेवारीअखेर ते मार्च यादरम्यान केव्हातरी होतो. त्यात 'चित्रभारती' ही सगळ्या भारतीय भाषांची स्पर्धा आहे, म्हणजे मराठी चित्रपटालाही जागा आहे. मी पहिल्यांदा तिकडं निघाले तेव्हा आमच्या मावशी म्हणाल्या, "काय गे, आता कन्नड पिक्चरात नाचणार काय?" त्यांचा राग मला समजतो. १ नोव्हेंबरला ज्या गावात एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं काळ्या दिवसाची फेरी निघते, त्या गावात मी वाढले. सीमाप्रश्नावर माझं मत माझ्या वडिलांचंच आहे आणि ते बदललेलं नाही. पण नटाचं हत्यार म्हणजे जीभ. आपल्या जिभेवर मराठी आहे, कन्नड आहे, बाजारातली उर्दू आहे, थोडी कोकणीही आहे. पुण्याच्या नटाला हे जन्मात मिळत नाही, आणि आपण मात्र त्यातलं कन्नड लपवतो.

गिरीश कार्नाड कन्नडचे मोठे नाटककार, पण मराठी 'उंबरठा'त त्यांनी काम केलं. अतुल कुलकर्णींनी 'हे राम' आणि 'चांदनी बार'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवले आणि कन्नडमध्येही कामं केली. 'सैराट'नंतर रिंकू राजगुरूनं त्याच्या कन्नड आवृत्तीत काम केलं. त्यांच्या मराठीपणाला कुठं धक्का लागला? बेंगळूरला उत्तर कर्नाटकाची बोली खरी वाटेल असे चेहरे शोधणारे तरुण दिग्दर्शक मला भेटले. त्यांना म्हैसूरकडच्या नटांकडून ती बोली मिळत नाही. माझ्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या कामाचं, एका विणकर बाईच्या भूमिकेचं, बोलणं तिथल्याच एका रांगेत सुरू झालं. अडचण एकच, आणि ती मोठी: कन्नड फक्त बाजारापुरतं येत असेल तर तिथं चार दिवस नुसतं ऐकत बसावं लागतं. बोलता येत असेल तरच जा.

कोल्हापूरचं थोडक्यात. बाबूराव पेंटरांनी जिथं स्वतः कॅमेरा बनवून चित्रपट काढले, प्रभात कंपनी १९२९ मध्ये जिथं सुरू झाली, ते गाव. तिथला महोत्सव पेंटरांच्याच नावाची फिल्म सोसायटी भरवते. तिथं करिअर घडत नाही, पण बघायची सवय लागते, आणि ती अत्यंत कमी खर्चात. सोसायटीच्या एरवीच्या खेळांनाही जा. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाबाहेर उभ्या उभ्या होणाऱ्या गप्पांतून मी जितकं शिकले तितकं कुठल्या शिबिरात शिकले नाही. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर बसगाड्या थांबतात, तेवढं बघून निघा.

एक गोष्ट मात्र कुठल्याही गावच्या तिकिटाआधी. महोत्सव नटाला पैसे देत नाही. 'स्थळ' टोरंटोला दिसला सप्टेंबर २०२३ मध्ये आणि चित्रपटगृहात आला मार्च २०२५ मध्ये, दीड वर्षानं. या मधल्या काळात नटाच्या हातात दाखवायला काही नसतं, कारण चित्रपट बाहेर फुटू नये म्हणून निर्माता प्रसंगही देत नाही. मालिकेत काम केलं तरी पैसे यायला बहुधा ९० दिवस लागतात. म्हणून नोकरी सोडू नका, हे मी कळकळीनं सांगते.

आणि काम स्वीकारतानाच चार गोष्टी कागदावर घ्या. श्रेयनामावलीत नाव कसं लिहिणार. निवड झाली तर नटाला कळवणार का. प्रवासाचा खर्च कोण करणार. आपल्या कामाचे दोन-तीन प्रसंग किती महिन्यांनी मिळणार. मी हे घेतलं नव्हतं. मी ज्यात काम केलं होतं तो एक चित्रपट एका महोत्सवात दाखवला गेला, आणि मला ते कळलं मैत्रिणीच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून. तिनं पडद्याचा फोटो टाकला होता, त्यात मी होते. शेवटच्या नावांत मात्र नव्हते. त्या रात्री मी भाकऱ्या थापत होते आणि मुलीनं विचारलं, "आई, तू का नाही गेलीस?" तिला काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

तर शहापूरच्या आमच्या या मुलीला माझा सल्ला असा. पंधरा हजारांत आठही दिवस एकाच ठिकाणी घालवू नकोस. तुझा चित्रपट पुण्याच्या मराठी स्पर्धेत निवडला गेला तर सहा दिवस पुण्याला जा, सगळं बाजूला ठेवून जा, आणि तुझ्या खेळाच्या आदल्या दिवशीच पोच. निवडला गेला नाही तर पुणं यंदा सोड. मग दोन दिवस कोल्हापूर, चार दिवस बेंगळूर. तुझं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे, तुझं आजोळ गोकाकचं. पणजीला या वर्षी प्रेक्षक म्हणून जाऊ नकोस, तरुणांच्या त्या उपक्रमाचा अर्ज तेवढा भर. निवड झाली तर रजेचं मी तुझ्या साहेबांशी बोलते.

दिग्दर्शकाला आजच फोन कर. पुण्याला चित्रपट पाठवलाय का, एवढंच विचार.