सोग्नेफ्योर्डच्या आतल्या टोकाला : सोल्व्होर्न, उर्नेस, निगार्ड आणि फ्यारलांड

महाराष्ट्रातून नॉर्वेला जाणाऱ्या सहलींचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. ऑस्लो, तेथून रेल्वेने मिरडाल आणि फ्लोम, मग नारोयफ्योर्डमधून बोटीचा फेरफटका आणि शेवटी बर्गन. हाताशी दिवस जास्त असतील तर गैरांगर. यात वावगे काहीच नाही, कारण नारोयफ्योर्ड आणि गैरांगरफ्योर्ड २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले ते त्यांच्या योग्यतेनेच. परंतु सोग्नेफ्योर्ड (फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेल्या दरीत शिरलेली समुद्राची लांब, खोल खाडी) सुमारे २०५ किलोमीटर लांब आहे आणि नारोयफ्योर्ड ही त्याची केवळ एक अरुंद शाखा आहे. ती दोन तासांत पाहून परतणाऱ्याच्या कानावर ईशान्येकडील लुस्त्राफ्योर्ड किंवा उत्तरेकडील फ्यारलांडफ्योर्ड ही नावेही पडत नाहीत. आम्ही उन्हाळ्यात मुद्दाम या दोन शाखांसाठीच गेलो होतो, आणि तेथील फेरी, चर्च, पुस्तकांचे गाव, संग्रहालय व हिमनदीवरील गाइड यांचा अनुभव येथे लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. डोंगर, पाणी आणि धबधबे या साऱ्या प्रदेशात देखणेच आहेत. त्यासाठी वाट वाकडी करण्याची गरज नाही. वाट वाकडी करावी ती अशासाठी की या भागात बर्फ, खडक आणि खोल पाणी यांच्या सोबतीने माणसे शतकानुशतके कशी राहिली हे डोळ्यांनी पाहता येते, आणि ते दाखवणाऱ्या सोयी लहान असूनही मन लावून चालवलेल्या आहेत.

सोल्व्होर्न हे फ्योर्डच्या काठावरचे पांढऱ्या लाकडी घरांचे छोटेसे गाव. येथील वालाकर हॉटेल १६९० पासून एकाच कुटुंबाकडे आहे. गावाच्या धक्क्यावरून समोरच्या ओर्नेसला, म्हणजे उर्नेसच्या धक्क्याला, जाणारी फेरी सुटते. ही फेरी लहान आहे, तिच्यात मोजक्याच मोटारी मावतात, आणि विसेक मिनिटांत ती पैलतीराला पोहोचते. मोटार सोल्व्होर्नलाच ठेवावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण पलीकडे चर्चपर्यंतची चढण साधारण एक किलोमीटरची आहे आणि ती चालण्यातच सुख आहे. फेरीच्या कठड्याला टेकून पाण्याकडे नीट पाहावे. जुलैमध्ये ते निळे नसते, तर दूध मिसळल्यासारखे हिरवट असते. वरच्या हिमनद्या सरकताना खालचा खडक दळतात, ते पिठासारखे बारीक दगडचूर्ण योस्तेदाल दरीतल्या नदीतून गाउप्ने गावाजवळ फ्योर्डमध्ये उतरते आणि पाण्यात तरंगत राहते. सूर्यप्रकाश त्यावरून विखुरतो म्हणून हा रंग.

उर्नेसचे चर्च हे या प्रवासाचे खरे कारण मानावे. नॉर्वेत मध्ययुगातील लाकडी स्टेव्ह चर्च, म्हणजे उभे खांब आणि उभ्या फळ्या यांनी बांधलेली चर्च, आज २८ उरली आहेत आणि त्यांतील हे सर्वांत जुन्यांपैकी एक, इसवी सन ११३० च्या सुमारास उभे राहिलेले. १९७९ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आत केवळ गाइडसोबतच जाता येते, आणि मला ही अट अगदी योग्य वाटली. एकट्याने दहा मिनिटांत जे पाहून आपण बाहेर पडलो असतो, त्याचा अर्थ लागायला अर्धा तासही कमी पडतो. या बांधणीची मेख पायात आहे. त्याआधीच्या चर्चांचे खांब सरळ जमिनीत पुरलेले असत आणि ओलीने ते कुजत. पुढच्या सुतारांनी दगडी पायावर आडव्या तुळया टाकल्या, त्यांवर खांब आणि उभ्या फळ्या खोबणीत बसवल्या, आणि सारे लाकूड मातीपासून अधांतरी राखले. वरून डांबराचा लेप देण्याची प्रथा आजही चालू आहे, त्यामुळे ऊन तापले की भिंतींना पाइनच्या डांबराचा उग्र, धुरकट वास येतो.

उत्तरेकडच्या भिंतीपाशी मात्र घाई करू नये. तेथे बसवलेले कोरीव दार या चर्चपेक्षाही जुने आहे. साधारण १०७० च्या सुमाराचे, म्हणजे याच जागी असलेल्या आधीच्या चर्चचे. एक सडपातळ चतुष्पाद प्राणी मान वळवून सापाला चावतो आहे, साप त्याला चावतो आहे, आणि त्यांच्या देहांच्या वेटोळ्यांतून कुठे शेपूट संपते आणि कुठे वेल सुरू होते ते बोटाने माग काढत गेल्यावाचून कळत नाही. मी एकच रेघ धरून डोळ्यांनी वर गेलो, तर ती जाड होत होत प्राण्याच्या मांडीत मिसळली आणि पुन्हा दोऱ्याएवढी बारीक होऊन दुसऱ्याच्या जबड्यात शिरली. हा सिंह ख्रिस्ताचे प्रतीक असून सैतानाशी झुंजतो आहे, की नॉर्स पुराणातील विश्ववृक्षाची पालवी खाणारे हे हरिण आहे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आणि गाइडने दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडल्या, सोयीची गोष्ट सांगून मोकळी झाली नाही, याचे मला विशेष कौतुक वाटले. व्हायकिंग कलेच्या शेवटच्या शैलीला या गावावरूनच उर्नेस शैली म्हणतात. आत अंधूक उजेडात खांबांच्या माथ्यावरचे प्राणी दिसायला डोळे सरावावे लागतात. सतराव्या शतकात घातलेल्या बाकांनी मूळची मोकळी जागा अडली आहे हे खरे, पण हे चर्च सतत वापरात राहिले म्हणूनच टिकले, हेही त्यातून समजते. १८८१ पासून ते प्राचीन वास्तूंचे जतन करणाऱ्या संस्थेच्या मालकीचे आहे. भेटीचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर असतो. परतीची फेरी कधी आहे हे पाहूनच वर चढावे.

याच पूर्व काठाने पुढे गेल्यास फाइगेफोसेन हा धबधबा लागतो. त्याची सलग उडी २१८ मीटरची आहे. आपल्या सह्याद्रीतील धबधबे पावसावर जगतात, हे बर्फ वितळण्यावर. म्हणून जूनमध्ये जो धबधबा कान बधिर करतो तो ऑगस्टअखेर बराच रोडावलेला असतो.

फ्योर्डच्या अगदी शेवटी शोल्डेन. येथे आता प्रवासी जहाजेही येतात, त्यामुळे हे गाव पूर्णपणे अनोळखी राहिलेले नाही. तरीही तत्त्वज्ञ लुडविग विटगेनस्टाइन यांनी १९१४ साली तळ्याकाठच्या कड्यावर बांधवून घेतलेल्या घरापर्यंतची पायवाट फार थोडे लोक धरतात. त्यांच्या मृत्यूनंतर हे घर उतरवून गावात हलवले गेले होते. ते पुन्हा मूळच्या दगडी जोत्यावर उभारून २०१९ साली लोकांसाठी खुले झाले. वाट छोटी पण चढणीची आहे, पाऊस पडला की मुळे निसरडी होतात. घर बंद असले तरी जोत्यावर उभे राहून खालचे तळे पाहिले की एकांतात विचार करू पाहणाऱ्या माणसाने हीच जागा का निवडली असेल, हे निराळे सांगावे लागत नाही.

निगार्ड्सब्रेन ही योस्तेदाल्सब्रेनची एक बाहू. योस्तेदाल्सब्रेन ही युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वांत मोठी हिमनदी, आणि अठराव्या शतकात तिची ही बाहू दरीत इतकी उतरली की १७४८ च्या सुमारास निगार्ड नावाची शेतवाडी तिने चिरडून टाकली. हिमनदीला त्या वाडीचेच नाव मिळाले. आज चित्र उलटे आहे. वाहनतळाकडे येताना रस्त्याच्या कडेला दगडमातीचे जे बांध दिसतात ते बर्फाच्या जुन्या कडा आहेत, आणि पूर्वी तळ्यात बुडालेले बर्फाचे टोक आता खडकावर बरेच वर सरकले आहे. त्यामुळे जुन्या छायाचित्रांवर विसंबून जाणाऱ्यांची निराशा होऊ शकते. तळे बोटीने ओलांडून खडकांवरून चालावे लागते, आणि बर्फावर जायचे तर प्रशिक्षित गाइडसोबत, बुटांना लोखंडी दाते बांधून आणि कमरेला दोर लावूनच. आमच्या गाइडने दोर बांधताना प्रत्येकाची गाठ स्वतः तपासली, भेग कशी ओळखायची ते दाखवले आणि वाट बदलावी लागली तेव्हा का बदलली ते सांगितले. याहून चांगल्या सेवेची अपेक्षा नाही. दोरीचे कुंपण ओलांडून फोटोसाठी बर्फाच्या तोंडाशी कोणीही जाऊ नये, हे येथे कळकळीने लिहितो. २०१४ साली याच हिमनदीपाशी कोसळलेल्या बर्फाखाली दोन पर्यटकांचा जीव गेला आहे.

फ्यारलांडला मात्र मुक्कामच करावा. १९८६ साली बोगदा होईपर्यंत या गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नव्हता. सगळी ये-जा बोटीने. जवळच्या सोग्नडाल या मोठ्या गावाकडचा रस्ता तर १९९४ साली झाला. दोन-तीनशे वस्तीचे हे गाव रस्ता आल्यावर केवळ वाटेवरचा थांबा होऊन राहिले असते, परंतु गावाने १९९० च्या दशकाच्या मध्यात पुस्तकांचे गाव होण्याचे ठरवले. रिकामे गोठे आणि जुन्या दुकानांच्या इमारती जुन्या पुस्तकांनी भरल्या. रस्त्याकडेला उघडी फडताळे आहेत, त्यांच्यापाशी विक्रेता बसलेला नसतो. पुस्तक घ्यावे आणि पैसे पेटीत टाकावे. बहुतेक पुस्तके नॉर्वेजियन आहेत, इंग्रजीचा वाटा कमी आहे आणि तोही प्रामुख्याने कादंबऱ्यांचा, हे आधी माहीत असलेले बरे. तरी जुने नकाशे, गिर्यारोहणाची सचित्र पुस्तके आणि मुलांची चित्रपुस्तके यांना भाषा आड येत नाही.

मराठी वाचकाला येथे महाबळेश्वरजवळचे भिलार आठवणारच. २०१७ साली राज्य शासनाने सुरू केलेले आपले पुस्तकांचे गाव आणि हे गाव, दोहोंचे मूळ वेल्समधील हे-ऑन-वाय येथील प्रयोगात आहे, परंतु दोघांनी वाटा वेगळ्या धरल्या. भिलारला घराघरांत जाऊन पुस्तक फुकट वाचायचे असते, ते विकत मिळत नाही. फ्यारलांडला विक्री हाच गावाचा व्यवहार आहे. भिलारचा जिव्हाळा मला अधिक जवळचा वाटतो, पण ग्राहक असल्यामुळे फ्यारलांडचा साठा सतत बदलता राहतो, ही गोष्ट भिलारच्या व्यवस्थापनाने अवश्य पाहावी अशी आहे.

गावाबाहेर नॉर्वेचे हिमनदी संग्रहालय आहे. १९९१ साली उघडलेली ही काँक्रीटची इमारत स्वेरे फेन या वास्तुकाराची, ज्यांना पुढे १९९७ साली वास्तुकलेतले मानाचे प्रित्झकर पारितोषिक मिळाले. प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या जिन्यांनी छतावर जाता येते आणि समोर दरीचा पूर्ण विस्तार उलगडतो. आत खऱ्या हिमनदीच्या बर्फाला हात लावून प्रयोग करता येतात. बर्फ दाबाखाली कसा वाहतो आणि खडक कसा खरवडतो हे मुलांना समजते, आणि मोठ्यांनाही. मुले बरोबर असतील तर निगार्डच्या आधी येथे यावे, म्हणजे पुढे दिसणाऱ्या प्रत्येक दगडाला अर्थ येतो. जवळच्या बोयाब्रेन या हिमनदीपर्यंत मोटार जाते आणि बर्फाचा कोसळता कडा अगदी कमी चालून दिसतो, त्यामुळे वयस्कर मंडळींसाठी ही जागा उत्तम.

गाउप्ने ते लोम हा १०८ किलोमीटरचा सोग्नेफ्येल घाटरस्ता १,४३४ मीटरपर्यंत चढतो आणि हिवाळ्यात बंद असतो. वेळ असेल तर जावे. नसेल तर वाईट वाटून घेऊ नये.

जेवणाबाबत शाकाहारी मंडळींनी तयारीनेच जावे. एका मुक्कामी आधी कळवूनही रात्रीच्या जेवणात उकडलेले बटाटे आणि गाजरे एवढेच पुढे आले, आणि दर मात्र पूर्ण जेवणाचा लागला. लहान गावांत पर्यायी उपाहारगृह नसते आणि दुकाने लवकर बंद होतात, म्हणून स्वयंपाकघर असलेली खोली घेणे शहाणपणाचे. वॉफलसोबत मिळणारे तपकिरी चीज जरूर चाखावे; चीज काढल्यावर उरलेले पाणी दूध किंवा साय घालून तासन्‌तास आटवून ते करतात, आणि चव थेट बेळगावी कुंद्याची आठवण करून देते. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी चीज विरजण्यासाठी कोणते रेनेट (दूध घट्ट करणारे द्रव्य, जे वासरांच्या जठरातूनही काढतात) वापरले आहे ते विचारून घ्यावे.

बसगाड्या आहेत, परंतु त्या विरळ आहेत आणि योस्तेदालच्या बाजूला तर त्यांच्या वेळांवर सारा दिवस बांधावा लागतो, म्हणून सोग्नडालहून मोटार भाड्याने घेणे मला योग्य वाटते. बर्गनहून सोग्नडालपर्यंत जलद प्रवासी बोट येते, तेव्हा सोग्नेफ्योर्डचा मोठा भाग पाण्यावरूनच पाहून होतो. दोन रात्री सोल्व्होर्नच्या परिसरात आणि एक फ्यारलांडला, असा बेत करावा. मोसम जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा निवडावा, म्हणजे चर्च, संग्रहालय, पुस्तकांची दुकाने आणि हिमनदीवरचे गाइड हे चारही चालू सापडतात. बर्फावर चालण्याची नोंदणी तेवढी निघण्यापूर्वीच करून ठेवावी आणि हवामान बिघडल्यास हाताशी असावा म्हणून एक दिवस मोकळा सोडावा.